घडीखालची ओळ

शुक्रवारी बाराचा भोंगा झाला की बिस्किटांच्या कारखान्याचं कँटीन भरायचं, आणि चहाच्या पिंपाजवळच्या टेबलावर ग्लेनिस शॉरॉक चष्मा पुसून तयार बसायची. समोर डब्यातलं चीज-कांद्याचं सँडविच, शेजारी दातांनी चावलेली पेन्सिल, आणि पेन्सिलीखाली जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांचा गठ्ठा.

पगाराच्या चिठ्ठ्या सकाळच्या चहालाच हातात पडलेल्या असायच्या. एकेक बाई यायची, ॲप्रनच्या खिशातून चिठ्ठी काढायची आणि ग्लेनिसपुढे ठेवण्याआधी तिची घडी घालायची. त्या घडीची एक रीत होती. वरची पट्टी तेवढी उघडी राहायची. तिच्यावर नाव, कितवा आठवडा आणि कराचा कोड. तास किती, दर काय, कर किती कापला, हातात काय आलं, ते सगळं घडीच्या पोटात. वरून अंगठा दाबून धरायचा, वारा आला तरी उघडायला नको. पॅडिहम गावात बाई तुम्हाला स्वतःच्या मूळव्याधीबद्दल सांगेल, नवरा कुठे तोंड मारत फिरतो तेही सांगेल, पण आठवड्याला हातात काय पडतं ते सख्ख्या बहिणीला सांगणार नाही.

ग्लेनिसला त्या वरच्या पट्टीवरून सगळं कळायचं.

"सहाशे सत्तेचाळीस एल. बरोबर आहे तुझं," ती म्हणायची. "या आकड्यापुढे एक शून्य लाव. वर्षाला तेवढे पौंड बिनकराचे. त्याच्या वरच्यावर सरकारचा डोळा. जा, खा आता."

"आणि हा एल कशाचा गं?"

"लाडक्या लेकीचा," थेल्मा पलीकडून ओरडायची, आणि टेबलभर हशा व्हायचा. थेल्मा ग्लेनिसच्या शेजारी बिस्किटांच्या सरकत्या पट्ट्यावर उभी राहायची, एकोणीस वर्षं. दोघी एकाच बसने यायच्या, एकाच बसने जायच्या.

फोरमनच्या चिठ्ठीवर एकदा के आला. कंपनीने त्याला गाडी दिली होती. "के म्हणजे तुझी करमाफी संपून उलटं देणं निघालंय," ग्लेनिसने त्याला सांगितलं. "गाडी फुकट नसते राजा, ती तुझ्या कोडात बसून येते." तो बिचारा दुसऱ्या दिवशी गाडी परत करायला निघाला होता. तिनेच थांबवलं, कागदावर हिशेब करून दाखवला की तरी परवडते.

हे ज्ञान तिला कुणी दिलेलं नव्हतं. तेवीस वर्षांपूर्वी, या कारखान्यात येण्याआधी, ती दिवसा सपातांच्या कारखान्यात शिवायला बसायची आणि पहाटे एका पबची फरशी पुसायची. नवरा अरनॉल्ड फुप्फुसांच्या दुखण्याने घरी बसलेला. तीन वर्षं तिच्या सपातांच्या पगारातला जवळजवळ तिसरा हिस्सा कापला जात होता, आणि तिला वाटायचं, जगाचाच कापला जातो. मग एका पावसाळी दुपारी वाचनालयात, ऊब मिळते म्हणून बसली असताना, कर खात्याचं एक चोपडं हाताला लागलं. त्यात लिहिलं होतं की बीआर हा कोड दुसऱ्या नोकरीवर लावतात, कारण माफीची सगळी रक्कम पहिल्या नोकरीवर दिलेली असते. आणि तिच्या बाबतीत कुणीतरी उलटं करून ठेवलं होतं. माफी सगळी पबच्या फरशीवर, जिथे ती पुरती वापरलीच जात नव्हती, आणि बीआर सपातांवर. अकरा पत्रं लिहिली तिने. शाळा पंधराव्या वर्षी सुटलेली. पहिल्या चार पत्रांना उत्तर नाही, पाचव्याला उत्तर आलं की तुमचं चौथं पत्र मिळालं. शेवटी बाराशे पौंडांचा चेक आला. तिने कपडे धुवायचं यंत्र घेतलं आणि उरलेल्यातून अरनॉल्डला आठ दिवस मोरेकॅमला समुद्रावर नेऊन बसवलं. तो पुढच्या हिवाळ्यात गेला.

त्यानंतर तिने कुणाचा कोड चुकीचा राहू दिला नाही. फुकट सांगायची. कुणी चॉकलेटं आणली तर टेबलावर फोडायची. पण एक गोष्ट कडक होती. दोन वर्षांपूर्वी नसरीन नावाची नवी मुलगी कामावर आली, बोलायला फटकळ. तिने एका शुक्रवारी भर टेबलावर थेल्माला विचारलं, "तुला ताशी काय देतात गं?" सगळ्यांचे चमचे थांबले. ग्लेनिसने चष्मा काढला.

"पोरी, या टेबलावर कोड दाखवायचा. पगार दाखवायचा नाही, विचारायचा नाही. तुझ्या घरी चालत असेल, इथे नाही चालत."

"घरी?" नसरीन म्हणाली. "माझं घर तुझ्या मागच्या गल्लीत आहे, ग्लेनिस."

कुणी हसलं नाही. नसरीनचे कान लाल झाले, आणि पुढच्या शुक्रवारी ती चिठ्ठी सगळ्यांपेक्षा बारीक घडी घालून घेऊन आली. ग्लेनिसला तेव्हा बरं वाटलं होतं. तिची आई कापडाच्या गिरणीत विणायची, तीही पगाराचं पाकीट छातीशी धरून घरी यायची. पैशाचा आकडा बाहेर पडला की भांडणं लागतात, आई म्हणायची, आणि ग्लेनिसने ते कधी तपासून पाहिलं नाही.

मग सप्टेंबरात रसेल हिंडल आला.

तिशी ओलांडलेला, गोरागोमटा, बोलायला गोड. आधीचा कारखाना बंद पडलेला, घरात दोन मुली, कर्जाचं घर. त्याला ग्लेनिसच्याच पट्ट्यावर दिलं, आणि शिकवायला ग्लेनिसलाच सांगितलं. तिने त्याला सगळं दाखवलं. पुडे गुंडाळायचं यंत्र अडकलं की कुठलं झाकण उघडायचं, आल्याच्या बिस्किटांचा चुरा कुठे साचतो, पट्टा सुरू करण्याआधी कुणाची बोटं कुठे आहेत ते कसं बघायचं. पहिले तीन आठवडे यंत्र अडकलं की तो हात वर करून उभा राहायचा, "ग्लेनिस, तुझा लाडका रुसला!" आणि ती झाकण उघडून आत हात घालायची.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी तो चिठ्ठी घेऊन टेबलाशी आला. रीतीप्रमाणे घडी घातलेली. थेल्मानेच शिकवली होती.

"बघ की जरा. मला वाटतंय हे माझं रक्त पितायत."

ग्लेनिसने पट्टी पाहिली. "बीआर! अरे मेल्या, किती आठवडे झाले?"

"सात."

"आल्यावर एक कागद भरायला दिला होता ना, तुझी हीच एक नोकरी आहे का विचारणारा?"

रसेलने डोकं खाजवलं. "असेल. टोस्टरमागे असेल."

"म्हणून. कागद गेला नाही, तर त्यांनी धरलं की तुझी दुसरीकडे नोकरी आहे. तुला माफी एका पैशाची नाही. पहिल्या पौंडापासून वीस टक्के कापतायत. कागद भरून पगाराच्या खिडकीत दे. सगळे परत येतील."

"किती येतील?"

"कापलेत किती ते कळल्याशिवाय कसं सांगू?"

रसेलने इकडेतिकडे पाहिलं. मग अंगठा जरासा खाली सरकवला आणि घडी एका ओळीने उघडली. एकच ओळ. त्याखालचं सगळं त्याने नीट झाकून धरलं होतं, सभ्य माणूस होता.

कर, अठ्ठावन्न पौंड.

"तुला खरं म्हणजे आठवड्याला तेहतीसच्या आसपास बसायला हवा," ग्लेनिस पेन्सिल चालवत म्हणाली. "म्हणजे पंचवीस जास्त गेले. साता पंचवीस, पावणेदोनशे. ख्रिसमसच्या आत हातात येतील बघ."

"देवमाणूस आहेस तू!" रसेलने तिच्या डोक्याचा मुका घेतला, टोपीच्या जाळीवरूनच, आणि बायका ओरडल्या.

तो गेला आणि ग्लेनिसने सँडविच उचललं. ते तोंडाशी जाऊन थांबलं.

बीआरमध्ये माफी नसते. वीस टक्के, सरळ. वीस टक्के म्हणजे पाचवा हिस्सा. अठ्ठावन्नाला पाचाने गुणा. हे गणित तिने मुद्दाम केलं नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने ते आपोआप झालं, समोरच्या पाटीवरचं नाव न वाचता वाचलं जातं तसं. दोनशे नव्वद.

तिचे दोनशे सत्तेचाळीस होते. तेवीस वर्षांनंतर. तेवढेच तास, तोच पट्टा.

तिने गणित पुन्हा केलं, कॅलेंडरच्या पाठीवर. जादा तास म्हणावेत तर त्या महिन्यात कुणालाच मिळाले नव्हते, बोर्डावर तसं लागलं होतं. आठवड्याला त्रेचाळीस पौंड. दर शुक्रवारी तिच्यासमोर तीस चिठ्ठ्या यायच्या आणि तिने कधी एक ओळ खाली पाहिलं नव्हतं.

"काय झालं गं? गार पडलं की ते," थेल्मा म्हणाली.

"चीज वास मारतंय," ग्लेनिस म्हणाली आणि डबा बंद केला.

सोमवारी ती पगाराच्या खिडकीत नाही गेली, वर गेली, मिस्टर ऑल्डर्सनच्या खोलीत. ऑल्डर्सन कामगारांचं खातं बघायचे. टेबलावर बायकोचा फोटो आणि एक कुंडी, तिला पाणी नेहमी जास्त.

"रसेल हिंडलला माझ्यापेक्षा आठवड्याला त्रेचाळीस पौंड जास्त का मिळतात?"

ऑल्डर्सननी पेन खाली ठेवलं. "त्याने तुम्हाला पगार सांगितला?"

"नाही. त्याच्या कोडाने सांगितला."

"ग्लेनिस, ही फार खाजगी बाब आहे. तुम्हाला तर माहीतच आहे. तुम्हीच सगळ्यांना सांगता."

"मी उत्तर मागतेय."

"तो मशीन ऑपरेटर आहे. तुम्ही पॅकर आहात. हुद्दा वेगळा."

"ते मशीन मी त्याला शिकवलं. अजून अडकलं की मीच उघडते."

"ते तुमचं सहकार्य आहे, त्याची आम्हाला कदर आहे." मग ते पुढे झुकले, आवाज खाली आणला. "आणि तुम्हाला आठवतं ना, मागे मी काय केलं तुमच्यासाठी? कुणाला न सांगता?"

तिला आठवत होतं. सहा वर्षांपूर्वी याच खुर्चीत बसवून त्यांनी सांगितलं होतं, ग्लेनिस, तुम्हाला ताशी दहा पेन्स वाढवतोय, फक्त तुम्हाला, बाकीच्या बायकांना कळता कामा नये. ती तेव्हा ताठ मानेने, कठड्याला हात न लावता जिना उतरली होती. सहा वर्षं ते दहा पेन्स तिने थेल्मापासून लपवले होते आणि त्याची भरपाई म्हणून थेल्माच्या बसचं तिकीट अधूनमधून काढलं होतं.

जवळच्या बर्नलीला सल्ला केंद्र होतं, चर्चच्या मागे. तिथल्या तरुण वकीलबाईने सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "तुमचं म्हणणं खरं आहे. कायदा तुमच्या बाजूचा आहे. सहा वर्षं मागचे मागता येतील. पण ते म्हणणार, काम वेगळं. यंत्रावर तुम्ही बायकाही काम करता हे सांगायला कुणीतरी उभं राहायला हवं. आणि बायकांच्या पगाराचे कागद मिळाले तर फारच बरं. एकटीचं नाव घालूनही अर्ज होतो, पण एकटीला ते दमवून मारतील. दोघी-तिघी आणा."

"दोघी-तिघी?" ग्लेनिस हसली. "माझ्या टेबलावर तीस असतात."

तिने अर्जाचा कागद पर्समध्ये ठेवला. बसमध्ये तिला जवळजवळ आनंद झाला होता.

आधी तिने रसेलला विचारलं. त्याचे पावणेदोनशे पौंड आले होते. तो तिच्यासाठी चॉकलेटांचा मोठा डबा घेऊन आला होता, वर लाल फीत. दोघं सायकलींच्या शेडमध्ये उभे होते, तो सिगरेट ओढत होता.

"तू एवढंच सांगायचंस," ती म्हणाली, "की यंत्र तुला मी शिकवलं."

रसेलने धूर सोडला. "मला कळतंय गं. खरंच. पण माझ्या दोन मुली आहेत. सहा महिने पुरे व्हायचेत अजून, तोवर ते मला कधीही काढू शकतात."

"तुझे पैसे कमी होणार नाहीत. माझे वाढतील."

"असं कुठे होतं का कधी? पैसे कुठून तरी येणार ना." त्याने थोटूक बुटाखाली चिरडलं. मग एकदम म्हणाला, "आणि मी तुला एक ओळ दाखवली होती ग्लेनिस. विश्वासाने. तू गणित करायला नको होतंस."

डबा तिच्या हातात होता. तो परत द्यावा की ठेवावा हे तिला सुचेना, म्हणून ती तो घेऊनच आत गेली.

पुढच्या शुक्रवारी ती सगळ्यांच्या आधी कँटीनमध्ये आली. सँडविच काढलं नाही. स्वतःची चिठ्ठी काढली, घडी पूर्ण उघडली, तळहाताने सपाट केली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. एका कोपऱ्यावर मिठाची बाटली, दुसऱ्यावर चॉकलेटांचा डबा.

बायका आल्या. पहिल्या दोघी खुर्ची ओढता ओढता थांबल्या. थेल्माने चिठ्ठी पाहिली आणि नजर एकदम पिंपाकडे नेली, कुणी कपडे बदलताना दार उघडलं गेल्यासारखी.

"ग्लेनिस, झाक ते."

"नाही झाकत. बघा. दोनशे सत्तेचाळीस. तेवीस वर्षं. आणि रसेलला दोनशे नव्वद, आला त्या दिवसापासून." तिने पर्समधून अर्ज काढला. "आणखी दोन नावं हवीत. तुम्ही यंत्र चालवता एवढंच म्हणायचं. आणि आपापली चिठ्ठी उघडायची. थेल्मा, तू पहिली."

थेल्माचा हात ॲप्रनच्या खिशावर गेला. काढायला नाही, झाकायला.

"मला नको यात."

"का?"

"नको म्हणजे नको. ज्याचं त्याच्यापाशी."

थेल्माचा चेहरा लाल होत गेला, गळ्यापासून वर. ग्लेनिस बघत होती. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. जिना उतरताना कठड्याला हात न लावणाऱ्या बाईचा चेहरा.

"दहा पेन्स," ग्लेनिस हळू म्हणाली. "तुला सांगितलं ना ऑल्डर्सनने? फक्त तुलाच? कुणाला कळता कामा नये?"

टेबलापलीकडे एकीने दुसरीकडे पाहिलं, दुसरीने तिसरीकडे, आणि मग कुणीच कुणाकडे बघेना.

"मलाही दिलेत," ग्लेनिस म्हणाली. आता ओरडलीच. "अगं, सगळ्यांना दिलेत! कुणा एकीलाच नव्हे! उघडा एकदा, म्हणजे दिसेल!"

"तुला असेल," थेल्मा उभी राहिली. "माझं मी कामावर मिळवलंय. तुझ्या डोळ्यात माझे दहा पेन्स सलतात होय? एवढी वर्षं बसमध्ये शेजारी बसून हेच मोजत होतीस?"

"थेल्मा, मी तुझं तिकीट..."

"काढलंस का? ये, परत देते."

आणि तिने खरंच पर्स उघडली, सुटे काढले, मिठाच्या बाटलीपाशी टाकले, आणि आपला ट्रे उचलून खिडकीकडच्या टेबलावर गेली. तिच्यामागून एकेक करत बाकीच्या उठल्या. एकीने जाता जाता डब्यातलं चॉकलेट घेतलं.

शेवटी नसरीन उरली. ती उभीच होती, बारीक घडीची चिठ्ठी मुठीत. ग्लेनिस तिच्याकडे बघत राहिली. तिला खात्री होती की ही उघडेल. हिच्यात दम होता.

"मी दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं," नसरीन म्हणाली. "याच टेबलावर. तेव्हा तू काय म्हणालीस आठवतंय?"

"चुकले मी, पोरी."

"तेव्हा सगळे बसलेले होते. एकटी मी उभी होते." तिने मूठ खिशात घातली. "तेव्हा तू हो म्हणाली असतीस, तर आज तीस नावं असती. आता माझं एकटीचं घालू? म्हणजे उद्या ते म्हणतील, ही पोरगी आली आणि भांडणं लागली. ते मलाच म्हणतील, ग्लेनिस. तुला नाही."

तीही गेली.

ग्लेनिस त्यानंतरही त्याच टेबलावर बसत राहिली. मार्चमध्ये तिची साठ पुरी होऊन नोकरी संपायची होती. अर्ज पर्समध्ये होता, एका सहीचा, घडीवर मऊ पडत चाललेला. थेल्मा आता एक बस आधीची पकडायची. दर शुक्रवारी दारावर मोडक्या बिस्किटांच्या पिशव्या स्वस्तात मिळायच्या, त्या रांगेत ग्लेनिसच्या मागे-पुढे एकेका माणसाची जागा मोकळी राहायची.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी तिने खिडकीकडून आवाज ऐकला. रसेलच्या टेबलाभोवती चार-पाच बायका जमल्या होत्या. त्याच्या हातात पेन्सिल होती.

"सहाशे सत्तेचाळीस एल. बरोबर आहे तुझं. पुढे एक शून्य लाव," तो म्हणत होता. "एल कशाचा? लाडक्या लेकीचा!"

हशा झाला. थेल्माही हसली.

मग नवीन लागलेली एक बाई पुढे झाली. संध्याकाळी शाळेत फरशी पुसायची, हे ग्लेनिसला बसमध्ये ऐकून माहीत होतं. तिने चिठ्ठी घडी घालून रसेलपुढे ठेवली.

"बीआर," रसेल म्हणाला. "माझंही होतं. काळजी नको. काही करायचं नाही, वर्षाच्या शेवटी आपोआप सगळे परत येतात."

आपोआप काही येत नाही. अकरा पत्रं लागतात. माफी कुठल्या नोकरीवर बसवलीय ते आधी बघावं लागतं, आणि या बाईची ती शाळेच्या फरशीवर बसलेली असणार, हे ग्लेनिसला तिथून, पाच टेबलांवरून कळत होतं. तिने सँडविचचा घास घेतला आणि चावत राहिली.

त्या बाईला पटलं नसावं. ती चिठ्ठी उचलून पिंपाशी आली, चहा घ्यायला आल्यासारखी, आणि कप भरता भरता हळूच म्हणाली, "तुम्हाला यातलं कळतं म्हणे. बघता का जरा?"

तिने चिठ्ठी टेबलावर ठेवली. वरची पट्टी उघडी, खाली घडी, वर अंगठा. नखाला बिस्किटांचं पीठ लागलेलं होतं.

ग्लेनिसने चष्मा लावला नाही.

"पूर्ण उघड," ती म्हणाली, "मग सांगते."

बाईने खिडकीकडे वळून पाहिलं. तिथे सगळ्या इकडेच बघत होत्या. तिने चिठ्ठी उचलली, आणखी एक घडी घातली आणि खिशात ठेवली. कप तिथेच राहिला, भरलेला.